उसनी फेक

घोरपडेसरांचा फोन आला तेव्हा हर्षदा खोत शेंगदाण्याचं कूट करत होती. सर इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. मैदानावर ये म्हणाले. ईश्वरीचा अहवाल आलाय आणि तो तुझ्यासारखाच आहे, म्हणाले. हर्षदानं मिक्सर बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. 

आता तुम्हीच सांगा, हे कसं शक्य आहे? हर्षदाला जो आजार होता तो दोन लाखांत एकाला होतो, असं खुद्द शोध लावणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगत. आटपाडीच्या माळावरचं हातोडाफेकीचं ते केंद्र केवढं? मुली सहा, सर्कल एक. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एकीला तो निघाला. आता दुसरीला? आणि तीही एकोणीस वर्षांची, आत्ता कुठे साठ मीटरच्या पुढे टाकायला लागलेली पोर. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की तू यातून गेली आहेस, तर तूच तिला समजावून सांग. उद्या सकाळी तिला पहिली गोळी घ्यायची होती.

हर्षदा स्कूटर काढून निघाली. वाटेत तिला स्वतःचेच दिवस आठवत राहिले.

चौदाव्या वर्षी तिनं पहिला हातोडा उचलला होता. खराच हातोडा असतो असं वाटत असेल तर तसं नाही बरं का. लोखंडाचा चार किलोचा गोळा, त्याला हातभर लांबीहून जास्त तार आणि तारेच्या टोकाला मूठ. सात फुटांच्या गोल सर्कलमध्ये उभं राहायचं, चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. हर्षदाचा पहिला गोळा गावातल्या लेथवाल्यानं घडवून दिला होता आणि तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातली होती. तिची पहिली फेक मागच्या मागे गेली आणि सरांच्या स्कूटरचा दिवा फुटला. सर तेव्हा हसले होते. म्हणाले, दिशा चुकली तरी जोर खरा आहे. पुढे ह्याच पोरीनं सत्तर मीटर दोन सेंटीमीटरचा राष्ट्रीय विक्रम केला आणि तो आजही तिच्याच नावावर होता. तिचा डावा बूट कायम एकाच बाजूनं झिजायचा. लग्नात नवरदेवानं, म्हणजे संग्रामनं, तिचा हात हातात घेतला तेव्हा तळव्याचे घट्टे लागून तो दचकला होता, हे तो अजून चारचौघांत सांगतो.

आणि ह्या सगळ्यात तिच्या जोडीला होती रेश्मा बंडगर. अठरा वर्षं दोघी एकत्र. एकाच खोलीत झोपल्या, एकीच्या डब्यातलं दुसरीनं खाल्लं, एकीला ताप आला तर दुसरीनं तिचे कपडे धुतले. प्रत्येक स्पर्धेत हर्षदा पहिली आणि रेश्मा दुसरी, फरक अर्ध्या मीटरचा. रेश्मा हसून म्हणायची, तू कधी आजारी पडशील ह्याची वाट बघतेय मी. मैत्रिणी असलं बोलतातच, कोण मनावर घेतं?

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ च्या फेब्रुवारीत, मैदानाच्या कोपऱ्यात एक तंबू लागला आणि त्यात पुण्याच्या डॉ. केतकी सबनीस ह्यांचं यंत्र आलं. कंपलेखक त्याचं नाव. बाई मोठ्या विद्वान, पण बोलायला अगदी साध्या. सर्कलच्या कडेला मांडी घालून बसल्या आणि मुलींना समजावून सांगायला लागल्या. हाताच्या स्नायूला हुकूम देणाऱ्या हजारो मज्जापेशी असतात. विहिरीतून पाणी ओढणारी माणसं समजा. त्यातला एक जण गळाला तर शेजारचा त्याचाही दोर धरतो. पाणी तेवढंच येतं, म्हणून घरात कुणाला काही कळत नाही. असे एकेक करून गळत जातात, आणि पाच-सहा वर्षांनी एक दिवस हातातला कप सुटतो. मग पाय जातात, मग गिळणं, मग श्वास. तोवर औषधाची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

पण दोन दोर ओढणाऱ्याचा ताल जरासा चुकतो, बाई म्हणाल्या, आणि तो चुकलेला ताल आम्हाला टिपता येतो. अडचण एकच होती. तो कंप इतका बारीक, की स्नायू पुरता थकलेला असताना त्याला प्रचंड ओढ बसली तरच उमटतो. असली ओढ दवाखान्यात कुठून आणायची? हातोडाफेकीत शेवटच्या गिरकीला गोळा दोनशे किलोंच्या वर ओढतो, आणि ती सगळी ओढ डाव्या हाताच्या ग्लोव्हवर येते. म्हणून बाईंनी ग्लोव्हमध्येच केसाएवढ्या धातूच्या तारा शिवल्या आणि मनगटाच्या पट्ट्यात खेळाडूच्या नावाची चिप घातली. चौदा दिवसांचं शिबिर, दर दोन वर्षांनी. राष्ट्रीय संघात यायचं तर ते सक्तीचं. नेमकी कुठली फेक यंत्र मोजतं हे मात्र मुलींना सांगायचं नाही, असा बाईंचा कटाक्ष होता. सांगितलं तर मुली तेवढीच फेक जपून टाकतील, अशी त्यांना भीती. मुलींना वाटायचं, दिवसभराच्या सगळ्याच मोजत असेल.

शिबिर संपलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हर्षदाचा अहवाल आला. तिनं लिफाफा फोडला, पहिली ओळ वाचली आणि पुढचं तिला वाचवेना. कागद तिनं रेश्माच्या हातात दिला. रेश्मानं तो अहवाल सर्कलच्या कडेला बसून तिला वाचून दाखवला, एकेक वाक्य, शांतपणे. आजार पाच वर्षांत दिसू लागेल. औषध आहे, पिवळी गोळी, सकाळ-संध्याकाळ साडेसहाला. पहिल्या नोंदीपासून अडीच वर्षांच्या आत सुरू केली तरच तिचा उपयोग. गोळीनं मज्जापेशी शांत होतात आणि टिकतात, पण स्नायूतला झटक्याचा जोर कायमचा जातो. स्वयंपाक करता येईल, लिहिता येईल. फेकता येणार नाही. गोळी चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही.

हर्षदा आणि संग्रामनं ठरवलं होतं, आशियाई स्पर्धा झाली की पाळणा हलवायचा. दोन्ही एका दुपारी संपलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी सुरू केली. वर्षानं पुण्याला जाऊन, बाईंनी तोवर बसवलेल्या ओढयंत्रावर पुन्हा तपासणी केली तर कंप नावालाही नव्हता. सबनीसबाईंना आनंदानं रडूच आलं. औषध लागू पडलंय, तू माझी पहिली वाचलेली मुलगी, असं म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं. तेव्हापासून हर्षदा शाळेत पीटीच्या तासाला शिट्टी वाजवायची आणि घरी पाण्याची बादली अर्धी भरून उचलायची. रेश्मा सणासुदीला येऊन भेटायची, पण पाच मिनिटंही टेकायची नाही. हर्षदा म्हणायची, बिचारीला माझ्याकडे बघवत नाही.

मैदानावर पोचली तर ईश्वरी लाड सरांच्या खोलीत बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. हर्षदानं तिला जवळ घेतलं आणि मनाशी ठरवून आलेलं सगळं सांगितलं, की जगता येतं, सवय होते, सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न पहिले तीन महिने पडतो आणि मग पडेनासा होतो. पोरगी ऐकत होती का कुणास ठाऊक. तिनं अहवाल पुढे केला. ह्या वर्षीपासून तो मराठीत येऊ लागला होता. हर्षदानं चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. स्वतःचा अहवाल तिनं कधी वाचलाच नव्हता. त्या दिवशी ऐकला तेवढाच, मग घडी घालून कपाटात टाकला.

चौथी ओळ अशी होती: सर्व नोंदी दिवसातील शेवटच्या फेकीच्या आहेत.

हर्षदानं ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

का वाचली, ते समजायला घोरपडेसरांचा एक नियम माहीत हवा. सर तरुण असताना एका राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा ग्लोव्ह दुसऱ्याच फेरीत फाटला. दुसऱ्याचा मागून घातला, तो बोटांना काचला, आणि उरलेल्या सगळ्या फेकी फाउल गेल्या. तेव्हापासून त्यांच्या मैदानावर दिवसाची शेवटची फेक जोडीदाराचा ग्लोव्ह घालून टाकायची. आपल्या ग्लोव्हचे लाड करू नका, म्हणायचे. मुलींनी तिला नाव ठेवलं होतं उसनी फेक. देशात दुसऱ्या कुठल्या मैदानावर ही पद्धत नव्हती, आणि तंबूत पडद्यासमोर बसणाऱ्यांना ती कुणी सांगितली नव्हती. कशाला सांगेल? दात घासतो हे कुणी डॉक्टरांना सांगतं का? ग्लोव्ह सगळे सारखेच काळे. ग्लोव्हला नाव माहीत होतं, हात माहीत नव्हता.

हर्षदानं ईश्वरीला अगदी हळू आवाजात विचारलं, की तुझी उसनी फेक कुणाबरोबर असते?

"रेश्माताईंबरोबर," ईश्वरी म्हणाली. "म्हणजे तुम्ही गेल्यापासून ती पद्धत बंदच पडली होती. ह्या शिबिराच्या पहिल्या दिवशी रेश्माताईंनीच परत सुरू केली."

हर्षदा उठली. सरांना बाजूला घेऊन तिनं एवढंच बजावलं, की ह्या मुलीला मी येईपर्यंत गोळी द्यायची नाही आणि रेश्माला मैदानाबाहेर जाऊ द्यायचं नाही. सर विचारत राहिले, पण ती थांबली नाही.

घरी येऊन तिनं कपाट उघडलं. पैठणीखाली तो लिफाफा होता. इंग्रजी अहवाल, पण चौथी ओळ कळायला फार इंग्रजी लागत नव्हतं. लास्ट थ्रो. शब्द न् शब्द तोच. म्हणजे चौदा दिवस तिच्या नावाच्या ग्लोव्हमध्ये शेवटी जो हात होता तो तिचा नव्हताच, रेश्माचा होता. आणि त्या दुपारी रेश्मानं तिसऱ्या ओळीवरून थेट पाचवीवर उडी मारली होती. चुकून? तिनं स्वतःला विचारून बघितलं. चुकून असेल, घाईत सुटली असेल. मग दोन वर्षं बंद पडलेली पद्धत नेमकी शिबिराच्या पहिल्या दिवशी कुणी आणि का सुरू केली? हर्षदा तशीच कपाटासमोर फरशीवर बसली. अठरा वर्षं, आणि एक ओळ.

संग्रामचं पंपदुरुस्तीचं दुकान घराला लागूनच. तो ग्रीसचे हात पुसत आला आणि तिला तशी बसलेली बघून घाबरला. तिनं तुटक तुटक सांगितलं. त्यानं कागद घेतला, वाचला, परत वाचला. मग तोही तिच्याशेजारी खाली बसला.

"हर्षू," तो म्हणाला, "म्हणजे तू बरी आहेस?"

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. दोन वर्षं ती मरणाला रोज दोन गोळ्या देऊन दाराबाहेर थोपवत होती, आणि दाराबाहेर कुणी नव्हतंच. तपासणीत कंप दिसला नाही तो गोळीमुळे नव्हे, मुळात तो तिला नव्हताच. संग्राम हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. हर्षदाला ना हसू येत होतं ना रडू. तिनं नुसताच त्याचा हात घट्ट धरून ठेवला. मग म्हणाली, मला परत जायला हवं, ती पोर तिथं बसलीय.

सहा वाजून गेले होते. ऊन उतरलं होतं आणि जाळीच्या आत रेश्मा एकटीच बोटांना टेप गुंडाळत बसली होती. तिची दिवसाची शेवटची फेक राहिली होती. अकरा दिवसांनी आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी होती आणि तिचं पदक नक्की, असं सगळे वर्तमानपत्रवाले लिहीत होते. हर्षदा जाळीतून आत गेली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

"त्या दिवशी वाचताना तू एक ओळ गाळलीस."

कुठल्या दिवशी, कसली ओळ, असं काही रेश्मानं विचारलं नाही. तिनं टेपचं टोक दातानं तोडलं आणि बोटावर नीट दाबून बसवलं.

"हो," ती म्हणाली.

हर्षदाला वाटलं होतं ती नाकारेल, चिडेल, शपथा घेईल. येताना वाटेत तिनं त्या सगळ्याला उत्तरं तयार ठेवली होती.  सर्कलच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर ती मटकन बसली.

मग रेश्मा बोलत गेली. आधी मला वाटलं यंत्रच चुकलंय, म्हणाली. मग वाटलं, उद्या सांगू. उद्या तू पहिली गोळी घेतलीस. मग वाटलं, आठवडा जाऊ दे. आठवड्यानं सरांनी तुझा सत्कार ठेवला आणि माझं नाव संघात गेलं. एकेक दिवस सरत गेला तसं सांगणं आणखी अवघड होत गेलं. स्पर्धा झाली की सांगणारच होते, तुलाही आणि ईश्वरीलाही. अकरा दिवसांचा तर प्रश्न आहे, अकरा दिवस गोळी घेतली म्हणून त्या पोरीचं काही बिघडत नाही.

"गोळीच्या नवव्या दिवशी माझा हॅमर पन्नासच्या आत पडला होता," हर्षदा म्हणाली. "टेप धरून तूच उभी होतीस."

रेश्मानं मान खाली घातली. 

"तुझ्याकडे संग्राम होता," रेश्मा म्हणाली. "माझ्याकडे हे सात फूट सोडून काय होतं सांग."

हर्षदाला तिच्या मुस्काटात मारावंसं वाटलं, आणि खोटं कशाला बोला, हात उचललाही होता तिनं. पण तो अर्ध्यावरच राहिला. ह्या मूर्ख बाईला माहीत होतं. सगळा अहवाल तिनंच तर वाचला होता. कप सुटणार, पाय जाणार, श्वास जाणार, हे स्वतःच्या तोंडानं, शांतपणे, दुसरीचं म्हणून वाचलं होतं. आणि तरी ती दोन वर्षं रोज ह्या सर्कलमध्ये येऊन उभी राहत होती. हर्षदानं बोटांवर महिने मोजले. फेब्रुवारीपासून अडीच वर्षं, म्हणजे येत्या ऑगस्टपर्यंत. सहा महिने उरले होते.

तिनं उठून बाकावरचा ग्लोव्ह उचलला. पट्टा उलटा करून नाव वाचलं. लाड. तो तिनं बाजूला ठेवला आणि रेश्माच्या पिशवीतून दुसरा काढला. त्यावर बंडगर होतं.

"शेवटची फेक राहिलीय ना? हा घालून टाक."

"नाही टाकली तर?"

"तर मी सांगेन. टाकलीस तर तू सांगितलंस असं होईल."

रेश्मा ग्लोव्हकडे बघत राहिली. जाळीबाहेर घोरपडेसर येऊन उभे होते आणि त्यांच्यामागे ईश्वरी. त्यांनी किती ऐकलं होतं देव जाणे, पण सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. दोन वर्षांपूर्वीची सगळी वाक्यं त्यांना आता वेगळ्याच अर्थानं आठवत असावीत. त्यांचाच नियम, त्यांच्याच मुली. ते सवयीनं टेप आणि खुंटी घेऊन मैदानात गेले.

रेश्मानं ग्लोव्ह चढवला. मूठ धरली. दोनदा डोक्यावरून गोळा फिरवला आणि गिरकीत शिरली. एक, दोन, तीन, आणि चौथीला तिचे पाय दिसेनासेच झाले. तार सणाणली. तिच्या पोटातून ती नेहमीची आरोळी निघाली आणि गोळा संध्याकाळच्या आभाळात गेला. हर्षदानं हजारो फेकी पाहिल्या होत्या, पण अशी पाहिली नव्हती. लांबवर माती उडाली. सर खुंटी रोवायला धावले.

तंबूतून यंत्र बघणारी बाई बाहेर आली. तिच्या हातात नुकताच छापलेला कागद होता आणि ती गोंधळून एकीकडून दुसरीकडे बघत होती. बंडगर ह्या नावावर चौदा दिवसांत असा कंप आला नव्हता, म्हणाली. आता टाकली ती नक्की कुणाच्या हातानं? हा प्रश्न दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

रेश्मानं त्या बाईकडे पाहिलंही नाही. कागदाकडे पाहिलं नाही. ती धापा टाकत मैदानाकडे डोळे लावून उभी होती.

"किती गेला गं?" तिनं हर्षदाला विचारलं.

लांबून सरांनी आकडा ओरडून सांगितला. त्यांचा आवाज चिरकला होता, म्हणून हर्षदानं तो परत सांगितला. "एकाहत्तर चाळीस."

हर्षदाच्या स्वतःच्या विक्रमापेक्षा जवळजवळ दीड मीटर पुढे. पण सरावातली फेक कुणी विक्रमात धरत नाही. रेश्मानं ओठ घट्ट मिटून मान हलवली आणि मग एकदम खाली बसली. ईश्वरी जाळीपलीकडून टक लावून बघत होती. तिला आत्ता कुठे कळत होतं की आपल्याला काहीही झालेलं नाही, आणि मग अहवालात आलं ते कुणाचं तेही.

हर्षदाच्या मनगटावरचा गोळीची आठवण देणारा पट्टा थरथरला. साडेसहा. दोन वर्षांची सवय, तिचा हात आपोआप पर्समध्ये गेला, पाकीट फोडून पिवळी गोळी तळव्यावर आलीसुद्धा. ती त्या गोळीकडे बघत उभी राहिली. मग रेश्मासमोर उकिडवी बसली आणि तळवा पुढे केला.

"घे," ती म्हणाली. "ही तुझीच होती."

रेश्मानं दातांनी पट्टा सोडवला, ग्लोव्ह काढून मातीत ठेवला आणि डावा हात पुढे केला. तो हात अजून जराही थरथरत नव्हता.